कोल्ड्रिफ प्रकरण : त्या सहा दिवसांत सरकारं काय काय बोलली, आणि सरकारी पोस्ट वाचायची कशी

बालाघाट : कटंगी, तिरोडी, वारासिवनी, लांजी भागात लेकरू जास्त आजारी पडलं की घरात पहिला प्रश्न निघतो, गोंदियाला न्यायचं की नागपूरला? 2025 च्या सप्टेंबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाच्या आईबापांनीही हेच केलं. साधा ताप, सर्दी, खोकला. डॉक्टरला दाखवलं, औषध आणलं, ताप उतरला. मग दोन-चार दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि लघवी बंद पडली. गाडी करून नागपूर गाठलं. बरीचशी मुलं पाच वर्षांच्या आतली होती. त्यातली अनेक परत आली नाहीत.

या प्रकरणात विषारी निघालेल्या कोल्ड्रिफ सिरपबद्दल आतापर्यंत भरपूर लिहून आलं आहे. मात्र सप्टेंबरच्या अखेरीपासून 5 ऑक्टोबरपर्यंतच्या सहा-सात दिवसांत छिंदवाडा, भोपाळ, दिल्ली, चेन्नई आणि मुंबई इथून जे निरोप निघाले, ते एकमेकांशी जुळत नव्हते. ते निरोप वाचून कोणत्या घराने बाटली फेकली आणि कोणत्या घराने ठेवून दिली असेल, हा प्रश्न सीमेवरच्या वाचकासाठी महत्त्वाचा आहे. इथे मध्य प्रदेशची पोस्ट हिंदीतून येते, दिल्लीचं निवेदन इंग्रजीतून येतं आणि महाराष्ट्राची सूचना मराठीतून. तिन्ही एकाच मोबाईलवर, एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

क्रम कसा होता

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात परासिया भागात पहिले संशयित रुग्ण दिसले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला मृत्यू सुरू झाले. आधी संशय तापाच्या साथीवर, मेंदूज्वरावर, पाण्यावर होता. हा संशय चुकीचा म्हणता येणार नाही. पावसाळ्याच्या शेवटी एकाच भागातली लहान मुलं अशी आजारी पडली तर आधी साथच तपासली जाते. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, नागपूरची नीरी, एम्स नागपूर अशा संस्थांची माणसं तपासात उतरली. रक्ताचे, पाण्याचे, डासांचे नमुने घेतले गेले. एका रुग्णाचा लेप्टोस्पायरोसिसचा अहवाल पॉझिटिव्ह आला. पण नागपुरात काही मुलांच्या किडनीची बायोप्सी झाली आणि कोणत्या तरी विषारी पदार्थाने किडनी निकामी होत असल्याचा संशय बळावला.

तिथून वाट औषधाकडे वळली. सप्टेंबरच्या अखेरीस छिंदवाडा जिल्हा प्रशासनाने कोल्ड्रिफ आणि नेक्स्ट्रो-डीएस या दोन सिरपच्या विक्रीवर जिल्ह्यापुरती बंदी घातली. संपूर्ण प्रकरणातला पहिला ठोस सरकारी निरोप हाच. प्रयोगशाळेचा शिक्का अजून यायचा होता, तरी जिल्ह्याने संशयावर निर्णय घेतला. पण त्या निरोपाचा आवाका जिल्ह्याच्या हद्दीइतकाच होता. छिंदवाड्याला माल जबलपूरच्या घाऊक विक्रेत्याकडून आला होता, आणि शिवनी, मंडला, बालाघाट हे सगळे त्याच जबलपूर संभागातले जिल्हे. जिल्ह्याची बंदी जिल्ह्याच्या सीमेवर थांबते, मालाची गाडी थांबत नाही.

1 ऑक्टोबरला मध्य प्रदेशने तामिळनाडूला कळवलं की कंपनी तुमच्याकडची आहे, तपासा. कंपनीचं नाव श्रीसन फार्मास्युटिकल्स, कारखाना कांचीपुरम जिल्ह्यातल्या सुंगुवारचत्रममध्ये. 1 ला आयुधपूजा, 2 ला दसरा आणि गांधी जयंती, म्हणजे सुट्टीचे दिवस. तरी तामिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याने त्याच दिवशी कारखान्यात जाऊन नमुने उचलले आणि चेन्नईच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासले. बॅच एसआर-13, उत्पादन मे 2025, मुदत एप्रिल 2027. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल निघालं 48.6 टक्के. मान्य मर्यादा आहे 0.1 टक्का.

आता 3 ऑक्टोबर. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं निवेदन निघालं. तपासासाठी 19 नमुने घेतले गेले होते. त्यांपैकी केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने तपासलेल्या सहा नमुन्यांत आणि मध्य प्रदेशच्या औषध प्रशासनाने तपासलेल्या तीन नमुन्यांत डायएथिलिन ग्लायकॉल किंवा एथिलिन ग्लायकॉल आढळलं नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्याच दिवशी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना सूचना दिली की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठीही ती सर्वसाधारणपणे योग्य नाहीत.

त्याच रात्री उशिरा तामिळनाडूचा अहवाल केंद्राला मिळाला. 4 ऑक्टोबरला सकाळी मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांनी एक्सवर पोस्ट करून मुलांचे मृत्यू कोल्ड्रिफमुळे झाल्याचं म्हटलं, संपूर्ण राज्यात या सिरपवर बंदी जाहीर केली आणि कंपनीच्या इतर औषधांची विक्रीही थांबवल्याचं सांगितलं. केंद्रानेही मर्यादेपेक्षा जास्त डायएथिलिन ग्लायकॉल सापडल्याचं नवं निवेदन काढलं. पुढे मध्य प्रदेशच्या स्वतःच्या तपासणीतही 46 टक्क्यांवर आकडा आला.

म्हणजे एका दिवसात ‘आढळलं नाही’ वरून ‘जवळपास अर्धी बाटली विष’ इथपर्यंत. गावातल्या माणसाने याचा अर्थ काय लावायचा?

तो एक शब्द

3 ऑक्टोबरचं निवेदन खोटं नव्हतं. जे नऊ नमुने तपासले, त्यांत विष नव्हतं, एवढंच त्यात होतं. पण बातमीत आणि फॉरवर्डमध्ये त्याचं रूप ‘कफ सिरपला क्लीन चिट’ असं झालं. नमुना आणि औषध यांतलं अंतर मधल्या मधे गळून पडलं.

औषधाची तपासणी बॅचनिहाय होते. एका टाकीत एका वेळी जेवढं सिरप तयार होतं ती एक बॅच. मे महिन्यातल्या टाकीत विष असेल आणि जूनच्या टाकीत नसेल, असं होऊ शकतं. दुकानातून उचललेली बाटली वेगळ्या बॅचची असू शकते, वेगळ्या कंपनीचीही असू शकते, कारण संशयितांच्या यादीत मुलांनी घेतलेली सगळीच औषधं होती. म्हणून ‘सहा नमुने निर्दोष’ हे वाक्य तेव्हाच कामाचं ठरतं, जेव्हा ते नमुने कोणत्या औषधाचे, कोणत्या बॅचचे आणि कुठून उचललेले हेही सोबत येतं. 3 तारखेच्या निवेदनाचा जोर संख्येवर होता. 19 घेतले, 6 तपासले, 3 तपासले. पण 10 नमुन्यांचे निकाल अजून यायचे आहेत, हेही त्याच आकड्यांत दडलेलं होतं. ते कुणी मोठ्याने सांगितलं नाही.

तिथे एकच ओळ हवी होती. ‘उरलेले निकाल येईपर्यंत ही दोन सिरप देऊ नका.’ छिंदवाडा प्रशासनाने जिल्ह्यापुरतं जे केलं होतं तेच वरून दिल्लीने सांगितलं असतं, तर कुणाची अब्रू गेली नसती. घबराट पसरू नये ही सरकारांची जुनी काळजी असते आणि ती रास्तही आहे. पण घबराटीने फार तर चार बाटल्या जास्त फेकल्या गेल्या असत्या. विनाकारण दिलेल्या दिलाशाची किंमत कोण मोजतं, ते नागपूरच्या बालरोग अतिदक्षता विभागात दिसत होतं.

आणखी एक गोंधळ त्याच दिवसांत झाला. राजस्थानातही मोफत औषध योजनेतल्या खोकल्याच्या सिरपवरून मुलं आजारी पडल्याच्या बातम्या चालू होत्या. ते सिरप डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं, त्यात प्रोपिलिन ग्लायकॉल नाही, असं केंद्राने त्याच निवेदनात स्पष्ट केलं. कोल्ड्रिफ मात्र पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइनचं मिश्रण. दोन वेगळी औषधं, दोन वेगळी प्रश्नचिन्हं, पण बातमी एकच झाली, ‘एमपी-राजस्थान कफ सिरप’. एकाबद्दल दिलेला खुलासा दुसऱ्याला लागू पडतोय असं वाचणाऱ्याला वाटलं, तर दोष वाचणाऱ्याचा नाही.

मुंबईहून आलेली मराठी सूचना

5 ऑक्टोबरला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने सूचना काढली. तिचा बाज वेगळा होता. औषधाचं नाव, बॅच एसआर-13, उत्पादन आणि मुदतीचा महिना, कंपनीचं नाव आणि गाव, आणि कुणाकडे ही बाटली असेल तर वापर ताबडतोब थांबवा, आम्हाला कळवा. सोबत टोल फ्री क्रमांक 1800222365. शोक नाही, आश्वासन नाही, कोण किती गंभीर आहे याचं वर्णन नाही. ज्याच्या हातात बाटली आहे त्याला चष्मा लावून लेबल वाचता येईल, एवढाच मजकूर.

यात महाराष्ट्राचं फार कौतुक करण्याचं कारण नाही. हातात तयार अहवाल होता, आपल्या राज्यात मृत्यूंचा आरोप नव्हता, त्यामुळे कोरडं आणि नेमकं लिहिणं सोपं होतं. मध्य प्रदेशची पोस्ट वेगळ्या दबावाखाली लिहिलेली होती. तिच्यात दुःख व्यक्त करायचं होतं, बंदी सांगायची होती, कारखाना दुसऱ्या राज्यातला आहे हे सांगायचं होतं, दोषींना सोडणार नाही हेही सांगायचं होतं. संपूर्ण ब्रँडवर सरसकट बंदी घालणं हे घरातल्या माणसासाठी बॅच क्रमांकापेक्षा सोपं, हेही खरं. नाव बघा, बाटली बाजूला ठेवा, विषय संपला. बॅच क्रमांक लागतो तो जास्त करून मेडिकलवाल्याला आणि औषध निरीक्षकाला.

पण मुलाने ते औषध काल रात्रीच घेतलं असेल तर? या प्रश्नाचं उत्तर सर्वात वर पाहिजे होतं. लघवी कमी होणं किंवा थांबणं, सतत उलट्या, पोटदुखी, सुस्ती, मूल ओळख न दाखवणं, ही लक्षणं दिसली तर गावात वेळ न घालवता डायलिसिसची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावं, आणि बाटली सोबत न्यावी. डायएथिलिन ग्लायकॉलचा मार किडनीवर बसतो आणि त्यात तास मोजायचे असतात, दिवस नव्हे.

आकडा का बदलत होता

4 ऑक्टोबरच्या आसपास मृतांचा आकडा नऊ-दहा सांगितला जात होता. आठवडाभरात तो वीसच्या वर गेला. छिंदवाड्यासोबत पांढुर्णा आणि बैतूलची मुलंही त्यात होती. लोक म्हणाले, सरकार लपवतंय. लपवाछपवीचा संशय येणं साहजिक, पण यात सीमेचाही भाग होता. मुलाचा पत्ता मध्य प्रदेशचा, मृत्यू महाराष्ट्रातल्या दवाखान्यात. शिवाय अनेक मुलं जाहीर बंदीनंतरही नागपुरात मृत्यूशी झुंजत होती, त्यामुळे आकडा वाढणारच होता. मध्य प्रदेश सरकारने नागपुरात समन्वयासाठी अधिकारी पाठवले आणि उपचाराचा खर्च उचलण्याचं जाहीर केलं, ते पुढच्या दिवसांत.

2025 च्याच जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता आणि नांदेड गाव भागात गुलेन बॅरीचे रुग्ण वाढले, तेव्हा महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने रोज एका ठराविक नमुन्यात आकडे दिले. संशयित किती, निश्चित किती, अतिदक्षतेत किती, व्हेंटिलेटरवर किती, घरी गेले किती. पाण्यावरून तिथेही वाद झाले, पण आजचा आकडा कालच्यापेक्षा का वेगळा हे कुणालाही जुळवून पाहता येत होतं. परासियासाठी नागपूर आणि छिंदवाडा मिळून असा एकच रोजचा तक्ता निघाला असता, तर अफवांना निम्मी जागा कमी मिळाली असती.

कारवाईच्या पोस्ट

5 ऑक्टोबरनंतर पोस्टचा रोख बदलला. औषध लिहून देणाऱ्या परासियाच्या बालरोगतज्ज्ञाला अटक झाली. राज्याचे औषध नियंत्रक हटवले गेले, काही औषध अधिकारी निलंबित झाले. 9 ऑक्टोबरला कंपनीच्या मालकाला चेन्नईत पकडलं. 13 ऑक्टोबरला तामिळनाडूने कंपनीचा परवाना रद्द केला. तिथल्या तपासणीत कारखान्यात 39 अतिगंभीर आणि 325 गंभीर त्रुटी सापडल्या होत्या. डॉक्टरच्या अटकेला इंडियन मेडिकल असोसिएशनने आक्षेप घेतला, की बाटलीत काय आहे हे डॉक्टरला कसं कळणार? दोन राज्यांच्या नेत्यांमध्ये जबाबदारी कुणाची यावरून चढाओढही झाली.

अटक, निलंबन, परवाना रद्द या बातम्या हव्यातच. पण त्या ‘आम्ही काय केलं’ सांगणाऱ्या पोस्ट असतात, ‘तुम्ही काय करा’ सांगणाऱ्या नव्हेत. त्या दिवसांत सर्वात गरजेचं काम चालू होतं ते घरोघरी जाऊन उरलेल्या बाटल्या गोळा करण्याचं. आशा ताई, अंगणवाडी सेविका दारोदार फिरत होत्या. ज्या माऊलीकडे स्मार्टफोन नाही, किंवा आहे पण तो नवऱ्यासोबत कामावर गेलाय, तिच्यापर्यंत एक्सवरची पोस्ट पोचतच नाही. आशा ताईच पोचते.

हे सगळं आधी झालेलं आहे

डायएथिलिन ग्लायकॉल हे नाव भारतात नवीन नाही. सिरपमध्ये औषध विरघळावं म्हणून प्रोपिलिन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. त्यांच्या औषधी दर्जाच्या मालाऐवजी स्वस्त औद्योगिक माल आला, किंवा त्यात भेसळ झाली, की हे विष आत शिरतं. ते दिसायला पाण्यासारखं आणि चवीला गोड, म्हणून सिरपमध्ये ओळखूच येत नाही. अमेरिकेत 1937 मध्ये अशाच एका औषधाने शंभरावर माणसं गेली आणि पुढच्या वर्षी तिथे औषधांचा कडक कायदा झाला.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये ग्लिसरीनमधल्या याच विषाने 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. तेव्हा मोबाईल नव्हते. आयोगापुढच्या साक्षी रोज वर्तमानपत्रांत छापून येत आणि लोक त्या वाचून काढत. औषध खात्याचा कारभार कसा चालतो हे महाराष्ट्राला तेव्हा पहिल्यांदा तपशिलात कळलं.

2022 मध्ये गांबियात 66 हून अधिक मुलांचे मृत्यू झाले. 5 ऑक्टोबर 2022 ला जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणातल्या सोनीपतच्या मेडन कंपनीच्या चार सिरपबद्दल इशारा दिला. त्या डिसेंबरात भारताच्या औषध नियंत्रकांनी संघटनेला कळवलं की आमच्याकडे राखून ठेवलेले नमुने तपासले, ते ठीक निघाले. इथेही तोच नमुन्याचा मुद्दा. कंपनीकडे राखलेली बाटली आणि गांबियातल्या मुलाने प्यायलेली बाटली एकच होती का, हा वाद मिटला नाही.

छिंदवाड्यानंतर 13 ऑक्टोबर 2025 ला संघटनेने पुन्हा इशारा काढला. त्यात कोल्ड्रिफसोबत रेस्पिफ्रेश-टीआर आणि रीलाइफ ही गुजरातच्या दोन कंपन्यांची सिरपही होती. त्यांत प्रमाण कमी होतं, एक-दीड टक्क्याच्या आत-बाहेर, पण 0.1 टक्क्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर. कोल्ड्रिफच्या बातम्यांच्या गर्दीत ही दोन नावं फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. घरातल्या जुन्या औषधांच्या डब्यात एकदा बघून घेणं बरं.

आणि एक गोष्ट जी कोणत्याच पोस्टमध्ये ठळक आली नाही. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं लेबलवर छापा, हा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्येच दिला होता. कोल्ड्रिफ याच मिश्रणाचं सिरप. म्हणजे विष नसतं तरी दोन-तीन वर्षांच्या मुलाला ते द्यायचं नव्हतं. आदेश निघाला, पण तो परासियाच्या मेडिकलच्या काउंटरपर्यंत पोचला का, हे 21 महिने कुणी विचारलं नाही.

पुढची पोस्ट येईल तेव्हा

औषधाबद्दल सरकारी पोस्ट किंवा तिचा फोटो मोबाईलवर आला, की आधी तारीख आणि वेळ बघावी. 3 ऑक्टोबरचं निवेदन 5 तारखेलाही फिरू शकतं. मग कोण बोलतंय ते बघावं. जिल्हा प्रशासनाची बंदी जिल्ह्यापुरती, राज्याची राज्यापुरती. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जाहीन निघालेल्या औषधांची यादी आपल्या संकेतस्थळावर टाकते, त्यात नाव आणि बॅच दोन्ही असतात. ‘नमुने ठीक’ असं लिहिलं असेल तर कोणते, किती बाकी, हे शोधावं. तिथे लिहिलेलं नसेल तर औषध बाजूला ठेवून डॉक्टरला विचारावं. एका राज्याने थांबवलेलं औषध दुसऱ्या राज्यात चालू असेल, तर सीमेवरच्या माणसाने थांबवलेल्या राज्याचं ऐकावं.

मुलाला औषधाने त्रास झाल्याची शंका असेल तर बाटली, खोका आणि बिल फेकू नये. बॅच क्रमांक लेबलवर मुदतीच्या तारखेजवळ असतो. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करण्यासाठी देशभरात चालणारा टोल फ्री क्रमांक 1800-180-3024 आहे, तो गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाचा. तक्रार डॉक्टरनेच करावी असं नाही, घरचा कुणीही करू शकतो. मध्य प्रदेशात 181 वरही तक्रार नोंदवता येते. फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवाव्यात : औषधाचं नाव, बॅच, कोणत्या दुकानातून घेतलं आणि मुलाने शेवटची लघवी कधी केली.